‘वैर नको, मुलाहिजाही नको’: ग्लेनको, फेब्रुवारी १६९२

एडिंबरा इथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात एक लष्करी हुकूम जपून ठेवलेला आहे. तारीख १२ फेब्रुवारी १६९२. मेजर रॉबर्ट डंकनसनने तो आपल्याच रेजिमेंटमधल्या कॅप्टन रॉबर्ट कॅम्पबेलला लिहिला. मजकूर लांबलचक नाही. ग्लेनकोच्या मॅकडॉनल्डांवर तुटून पडा, सत्तरीच्या आतल्या सगळ्यांना कापून काढा, म्हातारा कोल्हा (म्हणजे त्यांचा प्रमुख) आणि त्याची पोरं काही झालं तरी निसटता कामा नयेत, बरोबर पहाटे पाचला सुरुवात करा, मी पोचलो नाही तर माझ्यासाठी थांबू नका. शेवटाकडे बजावलंय की हे काम वैर किंवा मुलाहिजा न ठेवता पार पाडा, नाहीतर राजाच्या सैन्यात हुद्दा सांभाळायला तुम्ही लायक नाही असं धरलं जाईल.

‘वैर न ठेवता’ हे शब्द वाचताना मी दर वेळी अडखळतो. कारण गेली तीनशे वर्षं ही गोष्ट जगभर सांगितली जाते ती वैराची गोष्ट म्हणूनच: कॅम्पबेल विरुद्ध मॅकडॉनल्ड, पिढीजात दुष्मनी, पाहुणे म्हणून आले आणि गळे कापून गेले. ग्लेनकोच्या खोऱ्यातल्या एका जुन्या खानावळीत ‘फेरीवाले आणि कॅम्पबेल यांना मज्जाव’ अशा अर्थाची पाटी आजही आहे. पर्यटक तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. पण हुकूम लिहिणारा कॅम्पबेल नव्हता, हुकूम पोचवणारा नव्हता, हुकूम जिथून निघाला तिथेही कॅम्पबेल बसलेला नव्हता. तेव्हा हे प्रकरण कुळांच्या भाऊबंदकीचं, की नव्याने उभ्या राहिलेल्या सरकारी पायदळाचं? हे तपासायचं तर थोडं मागून सुरुवात करावी लागते.

चोरलेली गुरं

ग्लेनको हे पश्चिम स्कॉटलंडमधलं अरुंद खोरं. दोन्ही बाजूंना उभे कडे, मधून वाहणारी को नदी, खाली समुद्राचं पाणी आत घेणारं लॉख लेव्हन. इथे मॅकडॉनल्डांची एक लहान शाखा राहायची. तिच्या प्रमुखाला मॅकइयन म्हणत. त्या वेळचा मॅकइयन म्हणजे अलस्टेअर, दांडगा आणि वयस्क गडी. खोऱ्यात पिकायचं थोडं, म्हणून गुरं हीच संपत्ती. आपली कमी पडली की शेजाऱ्यांची हाकलून आणायची, ही रीत तिथल्या सगळ्याच कुळांत होती. ग्लेनकोवाले त्यात जरा जास्त तरबेज होते इतकंच.

१६८८ च्या अखेरीस स्टुअर्ट घराण्याचा जेम्स राजा पळाला आणि १६८९ मध्ये स्कॉटलंडचं तख्त विल्यम आणि मेरी यांच्याकडे गेलं. हायलँडमधली, म्हणजे उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखातली, बरीच कुळं जेम्सच्या बाजूने उठली, ग्लेनकोवालेही. २७ जुलै १६८९ ला किलीक्रँकीच्या खिंडीत त्यांनी सरकारी फौजेची दाणादाण उडवली. त्या लढाईची एक बारीक गोष्ट पायदळाच्या इतिहासात महत्त्वाची आहे. तेव्हाची संगीन बंदुकीच्या नळीतच ठोकून बसवावी लागे, बुचासारखी. एकदा बसवली की बार काढता येत नाही. हायलँडर एक फैर झाडून बंदुका टाकायचे आणि तलवारी उपसून उतारावरून धावत सुटायचे. सरकारी शिपाई संगीन बसवण्याच्या खटपटीत असतानाच ते अंगावर येऊन पडले. सेनापती ह्यू मकाय स्वतः हायलँडर होता, तरी त्याची रांग काही मिनिटांत फुटली.

पण महिन्याभरात, २१ ऑगस्टला, डंकेल्ड गावात उलट घडलं. कॅमेरोनियन नावाची, कट्टर धर्मनिष्ठ लोलँडरांची, म्हणजे सखल मुलखातल्या लोकांची, कोवळी पलटण घरांच्या नि कुंपणांच्या आडोशाने लढली. तिचा लेफ्टनंट कर्नल विल्यम क्लेलंड मारला गेला, तरी गाव पडलं नाही. मोकळ्या उतारावर कुळं भारी, भिंतीआड कवायती पलटण भारी, हे दोन्ही बाजूंना कळून चुकलं.

त्या शरद ऋतूत घरी परतताना ग्लेनकोवाले आणि त्यांचे केपोखचे भाऊबंद वाटेत ग्लेन लायनमध्ये घुसले आणि रॉबर्ट कॅम्पबेलची गुरंढोरं, घोडी, शेळ्यामेंढ्या सगळं हाकलून घेऊन गेले. हा तोच रॉबर्ट, ज्याच्या नावावर पुढे तो हुकूम आला. जमिनीच्या नावावरून त्याला ग्लेनलायन म्हणत. माणूस दारूचा आणि पत्त्यांचा शौकीन. वडिलोपार्जित जमीन त्याने कर्जापायी आधीच विकून टाकली होती. थोडंफार उरलं होतं तेही या धाडीत गेलं. भरपाईसाठी त्याने स्कॉटिश पार्लमेंटकडे अर्ज केला. शेवटी साठीच्या आसपास, नातवंडं खेळवायच्या वयात, पगारासाठी कॅप्टनची वस्त्रं चढवली.

म्हणजे वैर होतं. ते नव्हतं असं मी म्हणत नाही. प्रश्न त्याचं वजन किती, एवढाच आहे.

आर्गाइलची पलटण म्हणजे कुळाची फौज नव्हे

ग्लेनलायन ज्या रेजिमेंटमध्ये शिरला ती १६८९ च्या एप्रिलमध्ये आर्गाइलचा दहावा अर्ल आर्चिबाल्ड कॅम्पबेल याने उभी केली होती. कॅम्पबेल कुळाचा सर्वोच्च प्रमुख तोच. त्याच्या बापाला १६८५ मध्ये आणि आजोबाला १६६१ मध्ये स्टुअर्ट राजांनी एडिंबरात मुंडकं उडवून मारलं होतं. १६८५ मध्येच आर्गाइलचा मुलूख लुटला गेला तेव्हा लुटारूंत ग्लेनकोवालेही होते. त्यामुळे या पलटणीला सर्रास ‘कॅम्पबेलांची फौज’ म्हटलं जातं.

कुळाची फौज आणि रेजिमेंट यांत मात्र फरक होता. कुळाच्या प्रमुखाने हाक दिली की खंडकरी, भाऊबंद, चाकर आपापली हत्यारं घेऊन जमत. पगार नाही, मस्टर नाही. लूट हाती लागली किंवा पीक कापणीला आलं की घरी. आर्गाइलची पलटण सरकारी तिजोरीतून पोसली जायची. लाल डगले, कंपन्या, हजेरीपट, हातगोळे फेकणाऱ्या उंचापुऱ्या ग्रेनेडियरांची वेगळी कंपनी, कर्नल ते सार्जंट अशी उतरंड. ग्लेनलायनच्या कंपनीचा १६९१ च्या ऑक्टोबरमधला हजेरीपट उपलब्ध आहे. त्यात कॅम्पबेल आडनावाचे लोक आहेत, पण थोडेच. आर्गाइलच्या मुलखातले नाना आडनावांचे आणि लोलँडमधलेही शिपाई त्यात आहेत.

हत्याकांडात ज्यांची नावं पुढे आली तीच घ्या. ग्रेनेडियरांचा कॅप्टन टॉमस ड्रमंड. लेफ्टनंट लिंडसे. एन्साइन लंडी. सार्जंट बार्बर. मेजर डंकनसन. शेजारच्या फोर्ट विल्यमच्या पलटणीतला लेफ्टनंट कर्नल जेम्स हॅमिल्टन. स्कॉटलंडचा सरसेनापती सर टॉमस लिव्हिंगस्टन. त्याच्याही वर लंडनमध्ये राज्यमंत्री जॉन डॅलरिंपल, मास्टर ऑफ स्टेअर. या आठांत एकही कॅम्पबेल नाही. नववा एकटा ग्लेनलायन.

पाच दिवसांचा उशीर

१६९१ च्या उन्हाळ्यात ब्रेडाल्बेनचा अर्ल, हा मात्र कॅम्पबेलच, बंडखोर प्रमुखांना पैसे देऊन शांत करायच्या वाटाघाटी करत होता. त्यासाठी १२,००० पौंडांची रक्कम बोलली जात होती. ऑगस्टमध्ये जाहीरनामा निघाला: १ जानेवारी १६९२ च्या आत राजनिष्ठेची शपथ घ्या, मागचं सगळं माफ. प्रमुखांनी आधीची शपथ जेम्सला दिलेली, त्यामुळे त्याची परवानगी हवी. तो फ्रान्समध्ये. त्याने ती दिली डिसेंबरच्या १२ तारखेला, आणि हायलँडात पत्र पोचेपर्यंत महिना संपत आला.

मॅकइयन वर्ष संपता संपता बर्फातून फोर्ट विल्यमला गेला. तिथला गव्हर्नर कर्नल जॉन हिल म्हणाला, तुमच्याकडून शपथ घ्यायचा अधिकार माझा नाही, इन्व्हरॅरेच्या शेरीफकडे, म्हणजे तिथल्या न्यायाधिकाऱ्याकडे, जा. सोबत त्याने चिठ्ठी दिली की हरवलेलं मेंढरू परत येतंय, पदरात घ्या. वाटेत बार्काल्डिन इथे ड्रमंडच्या ग्रेनेडियरांनी म्हाताऱ्याला अडवलं, एक दिवस तिथे मोडला. इन्व्हरॅरेला पोचला तर शेरीफ नववर्षासाठी आपल्या घरी गेलेला. तो परतला ५ तारखेला. मुदत टळली म्हणून आधी नाहीच म्हणाला, मग म्हाताऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी बघून ६ जानेवारीला त्याच्याकडून शपथ घेतली आणि कागद एडिंबराला धाडले. या शेरीफचं नाव सर कॉलिन कॅम्पबेल ऑफ आर्डकिंगलास. पिढीजात वैराच्या गोष्टीत हा माणूस कुठे बसवायचा ते कुणी सांगत नाही.

एडिंबरात कारकून मंडळींनी उशिराची शपथ मान्य केली नाही. मॅकइयनचं नाव कागदावरून खोडलं गेलं. खोडण्याआधी ते कौन्सिलसमोर, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळापुढे, रीतसर ठेवलंही गेलं नाही, असं पुढे चौकशीत निघालं.

इकडे लंडनमध्ये डॅलरिंपल वाटच बघत होता. तो लोलँडचा, कायद्याच्या घराण्यातला, हुशार माणूस. हायलँडची कुळं म्हणजे राज्याच्या अंगावरचं गळू, एखादं कापल्याशिवाय बाकीची ऐकायची नाहीत, असं त्याचं मत. हिवाळ्यात लोक डोंगरात पळू शकत नाहीत, म्हणून काम हिवाळ्यातच उरकायचं, हेही त्याने आधीच लिहून ठेवलेलं. ग्लेनकोने मुदतीत शपथ घेतलेली नाही हे आर्गाइलने कळवलं तेव्हा ११ जानेवारीच्या पत्रात त्याने उघड आनंद व्यक्त केला. १६ जानेवारीच्या सूचनांत राजाच्या तोंडी वाक्य आलं: मॅकइयन आणि त्याची टोळी बाकीच्यांपासून वेगळी काढता आली, तर चोरांचा तो जथा नाहीसा करणं हा योग्य न्याय ठरेल. विल्यमने त्या कागदावर वर आणि खाली अशा दोन सह्या केल्या.

शब्द बघा: ‘वेगळी काढता आली, तर’. त्यात झोपलेल्यांना मारा असं नाही. पण तो कागद लिव्हिंगस्टन, हॅमिल्टन, डंकनसन अशा पायऱ्या उतरत गेला तसतसा ‘तर’ गळून पडला, आणि शेवटी उरले पहाटेचे पाच नि सत्तरीच्या आतले सगळे. उतरंडीच्या मधल्या पायरीवर बसलेल्या हिलला हे पसंत नव्हतं. तरी १२ फेब्रुवारीला त्यानेही हॅमिल्टनला लेखी हुकूम दिलाच.

बारा दिवसांचा पाहुणचार

१ फेब्रुवारीला ग्लेनलायन सुमारे १२० शिपाई घेऊन खोऱ्यात आला. मॅकइयनचा थोरला मुलगा जॉन वीसेक माणसांनिशी सामोरा गेला आणि कशासाठी आलात म्हणून विचारलं. लिंडसेने हिलचा कागद दाखवला: घरोघरी मुक्कामाची सोय करा. किल्ल्यात जागा नव्हती आणि थकलेल्या कराच्या बदली शिपाई पोसायला लावायची पद्धत रूढ होती. शंका घ्यावी असं काही दिसलं नाही. शिवाय ग्लेनलायन नात्यातला. त्याची भाची मॅकइयनच्या धाकट्या मुलाला, तरुण अलस्टेअरला, दिलेली. हा मामेसासरा रोज सकाळी त्यांच्याकडे घोटभर दारू प्यायला जायचा.

प्रत्येक घरात तीन-चार-पाच शिपाई. ते घरच्यांच्याच चुलीवरचं खात होते आणि त्यांच्याच शेकोटीशी झोपत होते. १२ तारखेच्या संध्याकाळी ग्लेनलायन मॅकइयनच्या दोन्ही मुलांशी पत्ते खेळत बसला होता. दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं म्हाताऱ्याचं आमंत्रणही त्याने घेतलं होतं. ड्रमंड डंकनसनचा हुकूम घेऊन आला तो याच सुमारास. ड्रमंड हुद्द्याने ग्लेनलायनला वरचढ होता. कॅप्टनने कच खाऊ नये म्हणून त्याला पाठवलं असावं, हा तर्क मला पटतो.

रात्री हालचाल जाणवून जॉन ग्लेनलायनकडे इन्व्हेरिगनला गेला. शिपाई हत्यारं ठाकठीक करत होते. ग्लेनलायन म्हणाला, ग्लेनगॅरीच्या माणसांवर जायचंय. तुमच्या जिवावर काही असतं तर मी सँडीला (म्हणजे धाकट्या अलस्टेअरला) आणि माझ्या भाचीला सांगितलं नसतं का? जॉन घरी जाऊन झोपला. धाकट्याला झोप लागेना. त्याने पहारेकऱ्यांचं कुजबुजणं ऐकलं होतं: रणात भिडायला आपली ना नाही, पण हे काम नको.

पहाटे पाचला लिंडसे मॅकइयनच्या दारात उभा राहिला. म्हातारा अंथरुणातून उठता उठता पाहुण्यांना दारू आणा म्हणून सांगत होता, तोच पाठीमागून गोळी लागली. बायकोच्या बोटांतल्या अंगठ्या शिपायांनी दातांनी ओढून काढल्या. ती दुसऱ्या दिवशी गेली. इन्व्हेरिगनला ग्लेनलायन ज्या घरी उतरला होता तिथले नऊ जण हातपाय बांधून मारले. त्यांच्यातल्या एकाच्या खिशात हिलने दिलेलं अभयपत्र सापडलं. बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा ग्लेनलायनच्या पायांना मिठी मारून विनवत होता, त्याला ड्रमंडच्या हुकमाने गोळी घातली.

अखनाकॉनची घटना मला सगळ्यांत जास्त आठवत राहते. सार्जंट बार्बरच्या तुकडीने शेकोटीभोवती बसलेल्यांवर फैर झाडली. काही मेले. पडलेल्यांतल्या एकाला बार्बरने विचारलं, जिवंत आहेस का. तो म्हणाला, आहे, पण छपराखाली नको, बाहेर मरू दे. बार्बरने उत्तर दिलं की तुझं अन्न खाल्लंय, तेवढी मेहरबानी करतो. बाहेर नेलं, शिपाई नेम धरून जवळ आले. त्या माणसाने अंगावरचं प्लेड, म्हणजे घोंगडीसारखं लोकरी वस्त्र, सैल करून ठेवलं होतं. ते त्यांच्या तोंडांवर भिरकावलं आणि अंधारात पळाला. पुढे त्याची हकिगत चौकशीत नोंदली गेली. खाल्ल्या मिठाला जागण्याचं इतकं भयंकर रूप मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

लष्करी कामगिरी म्हणून बघितलं तर बेत फसला. बर्फाच्या वादळात डंकनसन सातला पोचला, आणि किनलॉखलेव्हनकडून वाटा रोखायच्या होत्या तो हॅमिल्टन अकराला. गोळीबाराच्या आवाजाने गाव जागं झालं आणि बहुतेक लोक, मॅकइयनच्या दोन्ही मुलांसकट, डोंगरात निसटले. मृतांचा आकडा चौकशीत २५ च्या आसपास आला, परंपरेने ३८ सांगितला जातो. किती बायका-मुलं बर्फात गारठून गेली याची मोजदाद झाली नाही. घरं जाळली. जवळपास ९०० गुरं आणि २०० घोडी हाकलून फोर्ट विल्यमला नेली.

फार्कर आणि केनेडी या दोन लेफ्टनंटांनी तलवारी मोडून हुकूम धुडकावला, ही कथा लोकप्रिय आहे. ते हॅमिल्टनच्या तुकडीत होते, पोचले तेव्हा कत्तल होऊन काही तास उलटले होते. त्यांच्या स्वतःच्या जबानीतही तलवारी मोडल्याचं नाही. अशी दोन माणसं असायला हवी होती, म्हणून लोकांनी ती घडवली.

कायद्याच्या नजरेतून

एप्रिल १६९२ मध्ये पॅरिसच्या गॅझेटमध्ये डंकनसनचा हुकूम छापून आला. एडिंबराच्या एका कॉफीगृहात तो सापडला म्हणे. जेम्सच्या पक्षाच्या हाती आयतं कोलीत मिळालं. १६९५ मध्ये ट्वीडेलच्या मार्क्विसच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला आणि स्कॉटिश पार्लमेंटने या कृत्याला खून म्हटलं.

स्कॉट कायद्यात ‘विश्वासात घेऊन केलेला खून’ हा वेगळा, राजद्रोहाइतका गंभीर गुन्हा होता. १५८७ मध्ये तो कायद्यात आला आणि पुढच्याच वर्षी लाखलन मॅक्लेनवर लागू झाला. त्याच्या आईने मॅकडॉनल्डशी लग्न केलं, ते न रुचून त्याने नवऱ्याकडची अठरा माणसं मारली होती. म्हणजे कुळांच्या वैराला अशा दगाफटक्याची ओळख होती आणि त्यावर शिक्षेची तरतूदही होती. ग्लेनकोमध्ये अडचण अशी झाली की दगा सरकारी शिक्क्यानिशी आला. आयोगाने राजाच्या सूचनांत अशा कत्तलीला आधार नाही असं म्हणून राजाला मोकळं केलं आणि दोष डॅलरिंपलच्या पत्रांवर ठेवला. सह्या दोन होत्या, याचा विचार फार खोलात केला नाही.

माझं मत विचाराल तर वैर इथे सबब म्हणून उपयोगी पडलं, कारण म्हणून नव्हे. ग्लेनलायनला निवडलं ते तो नात्यातला होता, त्याच्यावर कुणी संशय घेणार नव्हतं आणि पैशापायी तो नोकरी सोडू शकत नव्हता म्हणून. उद्या बोंब झालीच तर ‘त्यांची जुनी भांडणं’ म्हणता येणार होतं. आणि म्हटलंही गेलं. पण आर्गाइल आणि ब्रेडाल्बेन यांचे हातही स्वच्छ नाहीत. शपथ चुकल्याची खबर आर्गाइलनेच लंडनला पोचवली होती.

पार्लमेंटने ग्लेनलायन, ड्रमंड, डंकनसन वगैरेंना खटल्यासाठी फ्लँडर्समधून, जिथे त्यांची पलटण फ्रेंचांशी लढत होती, परत पाठवा अशी विनंती केली. विल्यमने काही केलं नाही. आर्गाइलची पलटण त्याच उन्हाळ्यात डिक्समाउडच्या शरणागतीत फ्रेंचांच्या हाती लागली. डॅलरिंपलचं मंत्रिपद गेलं, आणि १७०३ मध्ये तो अर्ल झाला. ग्लेनलायन १६९६ च्या ऑगस्टमध्ये ब्रुझ शहरात कफल्लक अवस्थेत मेला. पलटण युद्ध संपल्यावर मोडली गेली.

कुळांच्या माणसांना लाल डगला घालायची युक्ती मात्र सरकारने सोडली नाही. १७२५ मध्ये जनरल वेडने हायलँडात सहा पहारेकरी कंपन्या उभ्या केल्या. त्यांतल्या तीन कॅम्पबेलांच्या, बाकी फ्रेझर, ग्रँट, मन्रो यांच्या. त्यांतूनच १७३९ मध्ये ब्लॅक वॉच रेजिमेंट झाली. १७८७ मध्ये आर्चिबाल्ड कॅम्पबेल नावाच्याच एका सेनाधिकाऱ्याने भारतासाठी ७४ वी हायलँड पलटण भरती केली. २३ सप्टेंबर १८०३ ला, आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईच्या मैदानात, शिंदे-भोसल्यांच्या तोफांसमोर हीच पलटण जवळपास कापली गेली.

ग्लेनकोत जॉन मॅकइयन परतला, शपथ घेतली, जळक्या भिंतींवर पुन्हा छप्पर घातलं. १३ नोव्हेंबर १७१५ ला शेरीफम्यूरच्या माळावर ग्लेनकोवाले पुन्हा स्टुअर्टांच्या बाजूने उभे होते. समोर सरकारी फौजेचा सेनापती आर्गाइलचा ड्यूक, कॅम्पबेलांचा सर्वोच्च प्रमुख. आणि ग्लेनकोवाल्यांच्याच बाजूला, ब्रेडाल्बेनची माणसं घेऊन, जॉन कॅम्पबेल ऑफ ग्लेनलायन उभा होता, रॉबर्टचा मुलगा.